भिंत हलली नव्हती, तरी तुम्ही बरोबर पाहिलंत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही अमूर्त मांडणशिल्पांचं एक प्रदर्शन पाहायला गेलात. पहिल्या दालनात अंधार होता आणि समोरच्या भिंतीवर निळ्या उजेडाचा मोठा चौकोन. दुसऱ्यात धुकं आणि त्यातून फिरणारे उजेडाचे पडदे. तिसऱ्यात छताला टांगलेल्या, सावकाश वळणाऱ्या धातूच्या पट्ट्या. तुम्ही माहितीफलक वाचलेत, फोटो काढलेत आणि सगळं मिळून वीस मिनिटांत बाहेर आलात. ‘निळ्या चौकोनाकडे बघताना दोनदा भिंत हलल्यासारखी वाटली, पण तो डोळ्यांचा भास होता,’ असं तुम्ही कंसात लिहिलंय. आणि शेवटी विचारलंय, की बाकीचे लोक तिथे खिळून उभे होते ते नेमकं काय बघत होते, आणि तुमचं कुठे चुकलं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते त्या कंसातलं वाक्य. तुम्ही भास म्हणून जे बाजूला सारलंत, ते त्या दालनात घडत असलेलं मुख्य काम होतं. भिंत हलली नव्हती हे खरं. पण ती हलल्यासारखी वाटावी इतका वेळ तुमचे डोळे तिथे टिकले, आणि काम नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा तुम्ही निघालात.

मी गेली २२ वर्षं दिवे, प्रोजेक्टर, मोटारी आणि धुक्याची यंत्रं बसवून अशी कामं उभी करते. कलाकाराच्या मनातलं प्रत्यक्ष दालनात घडेपर्यंत जी खटपट लागते, ती माझ्या वाट्याला येते. त्यामुळे मी बोलणार ते बरंचसं डोळ्यांबद्दल आणि वेळेबद्दल असेल. अर्थाकडे नंतर येऊ.

आधी निळा चौकोन. बाहेरच्या उजेडातून अंधाऱ्या दालनात शिरलं की डोळे लगेच तयार होत नाहीत. बुबुळाची बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण खरं काम डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या पेशींना करायचं असतं. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी साधारण दहा मिनिटांत अंधाराला सरावतात. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना पुरतं जागं व्हायला अर्धा तास लागतो. म्हणजे आत गेल्यावर पहिल्या तीन मिनिटांत तुम्हाला दिसलेलं दालन आणि विसाव्या मिनिटाला दिसणारं दालन ही दोन वेगवेगळी दालनं आहेत, आणि कलाकाराने दिव्यांची पातळी ठरवलेली असते ती या दुसऱ्या दालनासाठी. आम्ही रात्री दिवे लावत बसतो तेव्हा तिथे अर्धा-पाऊण तास आधीपासून अंधारातच असतो. त्या सरावलेल्या डोळ्यांनी ठरवलेला उजेड बाहेरून आलेल्या माणसाला नुसता काळोख वाटतो, यात त्याचा काही दोष नाही.

इथेच मोबाइलबद्दल सांगून टाकते. पंधरा मिनिटं कमावलेला अंधार एकदा पडदा उजळला की जातो, आणि तो फक्त तुमचा जात नाही, शेजारच्याचाही जातो. आम्ही अंधारात स्क्रू पिळताना लाल टॉर्च वापरतो, कारण गडद लाल उजेड दंडपेशींना जवळजवळ कळतच नाही. त्याच कारणाने संध्याकाळ उतरताना लाल फुलं आधी काळवंडतात आणि पानांचा हिरवा-निळा जास्त वेळ उजळ राहतो. १९व्या शतकात पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने हे नोंदवलं, म्हणून या परिणामाला त्याचं नाव आहे. मंद उजेडातल्या कामांमध्ये निळा इतका का येतो, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

आता तो चौकोन भिंतीवर होता असं तुम्ही म्हणता. मला दाट शंका आहे की तो भिंतीवर नव्हताच. वर्णनावरून ते भिंतीत कापलेलं भोक असावं, आणि मागे दुसरी खोली, जिचे दिवे तुम्हाला कुठूनही दिसणार नाहीत असे लपवलेले. जेम्स टरेल या अमेरिकी कलाकाराने १९७०च्या दशकात या पद्धतीची कामं केली आणि पुढे अनेकांनी ती वाट धरली. टरेल महाविद्यालयात दृष्टिसंवेदनेचं मानसशास्त्र शिकला होता, आणि ते त्याच्या कामात पावलोपावली जाणवतं. त्याच्या सुरुवातीच्या १९६६च्या एका कामात खोलीच्या कोपऱ्यावर प्रोजेक्टरने पांढरा आकार टाकला आहे. लांबून तिथे चमकता ठोकळा तरंगताना दिसतो, जवळ गेलं की तो कोपऱ्यात विरघळतो.

या भोकाची कड कशी करतात ते सांगते, कारण सगळा खेळ त्या कडेवर आहे. भिंतीला जाडी असते. समोरून जाडी दिसली की मेंदू लगेच म्हणतो, ही खिडकी आहे. म्हणून मागच्या बाजूने कड तिरपी तासत आणतात, इतकी की समोर सुरीच्या पात्यासारखी रेघ उरते. मग पुट्टी, मग बारीक पॉलिश पेपर, मग टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा उजेड टाकायचा आणि सावली पाडणारा प्रत्येक कण बोटाने शोधायचा. एकदा आम्ही दोघी दोन दिवस एकाच कडेवर होतो. तिसऱ्या दिवशी दिवे लावले, सगळं जुळलं, आणि तरी चौकोनाच्या खालच्या बाजूला नजर अडकत होती. मोहरीच्या निम्म्याएवढा पुट्टीचा दाणा राहिला होता. तो घासून काढला आणि खोली नाहीशी झाली. मागे तीन मीटर रिकामी जागा असूनही समोर सपाट, जरा मखमली, रंगवलेला पृष्ठभाग उभा राहिला. त्या क्षणी मी इतक्या वर्षांनंतरही श्वास रोखून बघत राहते.

अशा पृष्ठभागावर डोळ्याला पकडायला काही नसतं. ना रेघ, ना पोत, ना सावली. आपला डोळा फरकांवर जगतो. तो सतत बारीक थरथरत असतो, आणि कडा त्या थरथरीमुळे पेशींवर पुन्हा पुन्हा नव्याने उमटतात म्हणून दिसत राहतात. फरकच नसेल तर मेंदूला बातमी मिळत नाही आणि तो स्वतःच काहीतरी रचू लागतो: धूसर ढग सरकतात, रंग फिका होऊन परत भरतो, भिंत पुढे येते, मागे जाते. १९३०च्या दशकात वोल्फगांग मेट्झगर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अशा एकसारख्या दृश्यक्षेत्राचा अभ्यास केला. त्याला गान्झफेल्ड म्हणतात, आणि टरेलच्या कामांच्या एका मालिकेचं नावही तेच आहे. त्याच्याही आधी, १८०४ मध्ये, ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने दाखवलं होतं की एका बिंदूवर नजर रोखून धरली तर कडेला असलेल्या स्थिर गोष्टी हळूहळू पुसल्या जातात. हे घरी एखाद्या फिक्या डागाच्या बाजूला नजर रोखून करून बघता येईल.

म्हणजे तुम्हाला दिसलेली हालचाल खरी होती. फक्त ती घडत होती तुमच्या डोळ्यांत आणि मेंदूत, आणि कलाकाराला ती तिथेच घडवायची होती. भिंत, पुट्टी, दिवे ही सगळी तयारी. त्यामुळे या प्रकारच्या कामासमोर ‘मला खरंच दिसतंय की भास होतोय?’ हा प्रश्न आला की थांबायचं. तो प्रश्न पडणं ही चांगली खूण आहे.

एक साधी युक्ती खगोलनिरीक्षकांकडून घ्या. अगदी मंद उजेडाकडे थेट बघू नका, जरा बाजूला बघा. डोळ्याच्या मध्यबिंदूत दंडपेशी नसतात. थेट बघितलं की फिका उजेड गायब होतो, आणि नजर थोडी कडेला नेली की परत येतो. किती लोक हे न कळल्यामुळे ‘इथे काहीच नाही’ म्हणत वळताना मी पाहिले आहेत.

मंद बदलाबद्दल आणखी थोडं, कारण तुमच्या प्रश्नातली ‘काही घडतच नव्हतं’ ही तक्रार मला गंभीर वाटते. घड्याळाचा तासकाटा फिरतो, पण आपल्याला तो फिरताना दिसत नाही. तो फिरला होता एवढंच कळतं. प्रकाशाची अनेक कामं मुद्दाम या सीमारेषेवर चालतात. रंग निळ्याकडून जांभळ्याकडे जातोय, पण इतका सावकाश की कुठलाही क्षण पकडता येत नाही. तुम्ही क्षणभर शेजारच्याकडे बघता, परत वळता आणि चौकोन वेगळाच असतो. आठवण आणि समोरचं दृश्य यांच्यातली ती फट हेच तिथे बघण्यासारखं आहे.

ही संथ गती साधणं तांत्रिकदृष्ट्या फार अवघड आहे, आणि त्यातलं थोडं तुम्हाला माहीत असावं असं मला वाटतं. दिव्यांना हुकूम देणारी नेहमीची पद्धत डीएमएक्स. तिच्यात एका वाहिनीवर उजेडाच्या २५६ पातळ्या असतात. दहा मिनिटांत दिवा शून्यापासून पूर्ण उजळवायचा तर प्रत्येक पातळी सव्वादोन सेकंदांहून थोडी जास्त टिकते. वरच्या टोकाला हे चालतं, कारण २०० वरून २०१ ही वाढ अर्ध्या टक्क्याची. पण खाली, १ वरून २ वर जाताना उजेड दुप्पट होतो, आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्याला ती उडी धक्क्यासारखी लागते. उपाय म्हणून दोन वाहिन्या जोडून ६५,५३६ पातळ्या करतात, आणि तरीही काही एलईडी अगदी तळाला अडखळतात. एका कामासाठी मी आणि कलाकार पहाटे तीनला फरशीवर उताणे पडून फक्त पहिल्या दोन टक्क्यांकडे बघत होतो. ती म्हणायची, ‘आत्ता पायरी दिसली.’ मी आकडा लिहून घ्यायचे. मग तेवढा भाग पुन्हा बांधायचा. चाळीस मिनिटांच्या त्या कामात ती सुरुवातीची चार मिनिटं उभी करायला आम्हाला अकरा रात्री लागल्या, आणि बहुतेक प्रेक्षक त्या चार मिनिटांत आत येऊन बाहेर जात. वाईट वाटायचं, पण ते चूक करत होते असं नाही. दालनाच्या दाराशी कुणीतरी ‘बसा, वीस मिनिटं लागतील’ असं सांगायला हवं होतं. आता मी जिथे काम करते तिथे तो एक फलक आणि एक बाक यांसाठी हट्ट धरते.

दुसऱ्या दालनाचं बघू. उजेड वाटेत असताना दिसत नाही. तो कशावर तरी आदळून आपल्या डोळ्यांत आला तरच दिसतो. स्वच्छ हवेत प्रोजेक्टरची शलाका अदृश्य असते, धुक्याचे थेंब तिला अंग देतात. या कामांमागे अँथनी मकॉल या ब्रिटिश कलाकाराचं १९७३चं एक काम उभं आहे. सोळा मिलिमीटरची फिल्म, लांबी तीस मिनिटं. काळ्या पडद्यावर पांढरा ठिपका, तो हळूहळू वर्तुळाची रेघ काढत जातो, एवढंच. पण प्रेक्षकांनी पडद्याकडे पाठ करून प्रोजेक्टरकडे बघायचं असतं. ठिपक्यापासून निघालेला एक किरण आधी हवेतली काठी असते, मग वक्र पत्रा होतो आणि अर्ध्या तासाच्या शेवटी आत शिरता येईल असा पोकळ शंकू पूर्ण होतो. तेव्हा ते जुन्या गोदामांमध्ये दाखवत, तिथली धूळ आणि लोकांच्या सिगारेटचा धूर शंकूला आकार द्यायला पुरायचा. स्वच्छ, धूम्रपानबंदीच्या संग्रहालयांत ते दाखवायचं तर धुक्याचं यंत्र लागतं.

तुम्ही त्या दालनात कुठे उभे होतात हे मला विचारावंसं वाटतं. बहुतेक जण दाराजवळ, म्हणजे प्रोजेक्टरच्या बाजूला उभे राहून समोरच्या भिंतीवर पडलेल्या रेघा बघतात. धुक्याचे थेंब उजेड मुख्यतः पुढच्या दिशेने उधळतात. त्यामुळे प्रोजेक्टरमागून बघितलं तर पडदे फिके, आणि पलीकडच्या भिंतीशी जाऊन प्रोजेक्टरकडे तोंड केलं तर तेच पडदे संगमरवरासारखे घट्ट. त्याच दालनात, त्याच क्षणी. एवढी एक गोष्ट माहीत नसल्याने निम्मा अनुभव हुकतो. तिकडे गेल्यावर हात पडद्यात घाला. बोटांच्या पाठी सावलीच्या काळ्या फटी निघतात आणि खोलीभर लांबत जातात. मुलं हे आपोआप करतात. मोठी माणसं संकोचतात, हात लावला तर रागावतील अशी भीती असते. उजेडाला हात लावायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त प्रोजेक्टरच्या भिंगात टक लावून बघू नका, नजर जरा खाली किंवा बाजूला ठेवा.

आणि त्या पडद्याच्या आत उभं राहून बघा. बाहेरून सपाट पत्रा वाटणारी गोष्ट आतून खोली होते. तिच्या भिंती सरकतात तेव्हा शरीर किंचित कलतं. स्थानकात शेजारची गाडी सुटली की आपली हलल्यासारखी वाटते, तेच इथे होतं. नजरेच्या कडांना हालचाल फार तीव्रतेने कळते, आणि कडांचं सगळं दृश्य एका दिशेने सरकलं की मेंदू निष्कर्ष काढतो की आपणच सरकतोय. पाय फाकून, गुडघे सैल ठेवून उभं राहा. ज्यांना प्रवासात मळमळतं त्यांना इथेही मळमळू शकतं. त्यांनी स्थिर भिंतीला हात टेकवून बघावं.

धोक्याचं आत्ताच बोलून घेते. झपाझप लुकलुकणारा उजेड, साधारण सेकंदाला तीनपासून तीसपर्यंत झगमगाट, काही व्यक्तींना फीट आणू शकतो. अर्धशिशीवाल्यांनाही त्रास होतो. दारावर सूचना असेल तर ती वाचूनच आत जा, आणि आत अस्वस्थ वाटलं तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून सरळ बाहेर या. कलाकृती पूर्ण बघितलीच पाहिजे असा काही नियम नाही.

तिसऱ्या दालनातल्या पट्ट्यांबद्दल तुम्ही फक्त ‘सुंदर होत्या’ एवढंच लिहिलंय. माझा अंदाज, तुम्ही पट्ट्यांकडे बघितलंत आणि भिंतींकडे फारसं नाही. हलणाऱ्या धातूवर उजेड टाकला की तीन गोष्टी एकाच वेळी हलतात: वस्तू, तिची सावली आणि तिने परत फेकलेला उजेड. तिघांची गती वेगळी असते. आरशासारखी पट्टी दहा अंश वळली की तिने फेकलेला कवडसा वीस अंश वळतो, आणि भिंत लांब असेल तर तो कवडसा खोलीभर धावतो. पट्टी संथ, उजेड चपळ. कलाकार पुष्कळदा पट्ट्यांची रचना या कवडशांसाठीच करतो. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या हूलिओ ले पार्कच्या १९६०च्या दशकातल्या प्रकाशकामांत वस्तू अगदी साध्या आहेत, छोटे आरसे, पत्रे, दोन-चार दिवे. सगळी श्रीमंती भिंतीवर. त्याच्याही आधी लास्लो मोहोय-नॉजने १९३० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात एक विजेवर फिरणारं यंत्र मांडलं होतं, भोकं पाडलेल्या चकत्या, जाळ्या आणि काच यांचं. यंत्र म्हणून ते देखणं आहेच, पण ते घडवलं होतं आजूबाजूच्या जागेत उजेड-सावली खेळवण्यासाठी.

हालचाल मोटारीने होते की हवेने, हेही बघण्यासारखं असतं. अलेक्झांडर कॉल्डरच्या हलत्या शिल्पांना ‘मोबाइल’ हे नाव १९३१ मध्ये मार्सेल द्युशाँने सुचवलं. त्यातली काही सुरुवातीची मोटारीवर किंवा हाताने फिरवायची होती. मग कॉल्डर हवेकडे वळला. मोटारीची लय परत येते. हवेची परत येत नाही. तुमच्या दालनातल्या पट्ट्या हवेवर असतील तर त्यांना हलवणाऱ्यांत तुम्हीही होता. माणसाच्या अंगाच्या उबेने हवा वर चढते, चालण्याने ढवळते. बंद, शांत खोलीत टांगलेली हलकी पट्टी माणूस खाली येऊन उभा राहिला की काही वेळाने वळायला लागते. मी हे रिकाम्या दालनात कितीदा केलंय! शिडीवरून उतरायचं, दूर कोपऱ्यात बसायचं, सगळं निवेपर्यंत थांबायचं. मग उठून चार पावलं चालायचं आणि बघायचं, कुठली पट्टी आधी ओळखते.

हालचालीचा आणखी एक प्रकार मला फार प्रिय आहे. नाउम गाबोने १९१९-२० मध्ये एक सरळ उभी धातूची कांब मोटारीने थरथरवली. थांबली की ती नुसती कांब. चालू झाली की हवेत पारदर्शक, वळणदार घट तयार होतो, ज्याला बघता येतं पण धरता येत नाही. शंभर वर्षं झाली, अजून त्याहून कमी साहित्यात यापेक्षा जास्त कुणी केलंय असं मला वाटत नाही.

काही कामं मात्र स्वतः हलतच नाहीत, तुम्हाला हलवतात. व्हेनेझुएलाच्या हेसूस राफाएल सोतोने १९६७ पासून बारीक नळ्यांची दाट झुंबरं लटकवून प्रेक्षकाला त्यांतून चालायला लावलं. त्याच देशाच्या कार्लोस क्रूझ-दिएसने लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाने भरलेल्या खोल्या एकमेकींना जोडल्या. लाल खोलीत काही मिनिटं थांबलात की लाल फिका पडत जातो, कारण त्या रंगाच्या पेशी थकतात. मग हिरव्या खोलीच्या दारात पाऊल ठेवलंत की तो हिरवा इतका कडक दिसतो की डोळे मिटावेसे वाटतात. तो कडकपणा दिव्यात नाही, तुम्ही लाल खोलीतून सोबत आणलाय. अशा ठिकाणी खोल्यांचा क्रम उलटा करून पुन्हा एकदा चालून बघाच.

फोटोंबद्दल मी रागावून बोलणार नाही. आठवण म्हणून एक काढा, पण शेवटी. कॅमेरा या कामांशी प्रामाणिक राहूच शकत नाही. तो अंधार उजळवतो, रंगछटा आपोआप ‘दुरुस्त’ करतो, लुकलुकत्या दिव्यांचे आडवे पट्टे पाडतो. ओलाफुर एलियासनने २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या भव्य टर्बाइन हॉलमध्ये एका रंगाच्या पिवळ्या दिव्यांचा सूर्य उभारला होता. अर्धी चकती आणि छताला आरसे, त्यामुळे पूर्ण गोल दिसायचा, हवेत विरळ धुकं. त्या दिव्यांत पिवळ्याखेरीज दुसरा रंगच नसतो, म्हणून माणसांचे कपडे, चेहरे, सगळं पिवळ्या-काळ्यात उतरायचं. फोटोत ते नुसतं नारिंगी चित्र दिसतं. तिथे लोक फरशीवर आडवे होऊन वरच्या आरशात ठिपक्याएवढे आपण शोधत हातपाय हलवत, अनोळखी माणसं मिळून आकार करत. हे करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता अर्थ. तुम्ही विचारलंत, ‘कलाकाराला काय म्हणायचं होतं?’ माहितीफलकावर सहसा अनंत, अस्तित्व, अवकाश असे शब्द असतात, आणि ते आधी वाचले की माणूस दालनात त्यांची उदाहरणं शोधत फिरतो. मी फलक बाहेर पडताना वाचते. राग ऐकताना आपण ‘यमन म्हणजे काय?’ असं विचारत बसत नाही. कुठला स्वर लांबला, कुठे थांबला, कुठे येता येता राहिला, हे ऐकतो. इथेही तसंच धरा. उजेड कुठून येतोय? कडा कुठे आहे, आणि ती खरंच आहे का? मी हललो तर काय हलतं, मी थांबलो तर काय थांबत नाही? एवढे प्रश्न पुरतात. त्यांतून पुढे तुम्हाला एकटेपणा आठवेल, बालपणीची तापातली दुपार आठवेल किंवा काहीच आठवणार नाही. तिन्ही चालेल.

सगळीच कामं एवढ्या वेळेच्या लायकीची नसतात, हेही सांगायला हवं. चारी भिंतींवर प्रोजेक्टरने रंगांचा पूर सोडायचा, वर जोरकस संगीत, दर दहा सेकंदांना नवं दृश्य, अशी कामं आता पुष्कळ होतात. मी स्वतः तशी उभारली आहेत. त्यांत तुमच्या डोळ्यांना करण्यासारखं काही उरत नाही, सगळं आधीच करून दिलेलं असतं. माझी कसोटी अशी: दहाव्या मिनिटाला मला पहिल्या मिनिटात न दिसलेलं काही दिसलं का? दिसलं नाही, तर मी निघते, नाव कितीही मोठं असो. तुम्हीही निघा. पण ती दहा मिनिटं आधी द्या. एका अमेरिकी संग्रहालयात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रेक्षक एका चित्रासमोर सरासरी सत्तावीस सेकंद थांबत असल्याचं आढळलं होतं. चित्राला ते कदाचित पुरत असतील. तुमच्या निळ्या चौकोनासमोर सत्तावीस सेकंदांत शंकुपेशीसुद्धा पुरत्या सरावत नाहीत.

प्रदर्शन अजून चालू असेल तर पुन्हा जा, एकट्याने, आणि फक्त त्या निळ्या दालनात. आत शिरण्याआधी मोबाइल बंद करा. बाक असेल तर बसा, नसेल तर बाजूच्या भिंतीला पाठ टेकवून खाली बसा, कुणी काही म्हणत नाही. पहिली पाच-सात मिनिटं कंटाळा येईल. मग कडा मऊ पडतील, मध्य फिका होईल, तो जाऊन परत येईल. एखादा माणूस तुमच्यासमोरून गेला की त्याच्या सावलीभोवती निळा क्षणभर उसळेल, तेवढं नीट बघा. वीसेक मिनिटांनी उठा आणि वळून दाराबाहेरच्या बोळातल्या साध्या पांढऱ्या दिव्याकडे बघा. तो पिवळा दिसेल, जवळजवळ मधासारखा, आणि पाच-सहा श्वासांत परत पांढरा होईल.